शनिवारचा सामना

'आजचा सामना रद्द' अशी पाटी मी फाटकाला लटकवत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "असं नका ना करू… तीन बस बदलून आलोय मी!"

वळून पाहिलं. गळ्यात पाहुण्या एल्डरबी संघाचा निळा-पांढरा मफलर, केस भिजून कपाळाला चिकटलेले, आणि चेहरा असा की जणू ती पाटी मी खास त्याला छळायलाच रंगवली होती.

"मैदानात बदकं पोहतायत," मी म्हटलं. "त्यांच्याशी खेळायचं असेल तर जा आत."

"तुमच्या संघातली का?"

"नाही हो. आमच्या गोलरक्षकापेक्षा बरीच चपळ आहेत."

तो हसला. मोठ्याने नाही, पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू होतं ते… आणि माझ्या हातातली पाटी वाकडीच लागली.

आमचा ब्रॅकनशॉचा फुटबॉल संघ काही टीव्हीवर दिसणाऱ्यांतला नाही. आमचे खेळाडू आठवडाभर नळ दुरुस्त करतात, शाळेत शिकवतात आणि शनिवारी आमच्यासाठी धावतात. मैदान नदीला इतकं लागून की आभाळ नुसतं शिंकलं तरी पाणी साचतं. सामन्याच्या सकाळी पंच येतो, बुटाने चिखल दाबून बघतो आणि मान हलवतो. झालं, सामना पुढे ढकलला.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून मी त्याला आमच्या चहाच्या टपरीत नेलं. टपरी डोरीनबाईंची आणि मी त्यांची मदतनीस. डोरीनबाईंनी वाटीभर उकडलेल्या वाटाण्यांवर सढळ हाताने व्हिनेगर ओतलं आणि वाटी शत्रुपक्षाच्या माणसापुढे आदळली. त्याने वाटी चाटूनपुसून खाल्ली. नाव रोवन. एल्डरबीच्या बेकरीत पहाटे पाव भाजतो. टपरीतली खिडकी घट्ट बसते म्हणून मी सांगत होते, तर उठून त्याने ती ठीकही करून टाकली. जाताना म्हणाला, "पुढच्या तारखेला भेटू, ब्रायनी." माझं नाव त्याने डोरीनबाईंच्या हाकांतून उचललं होतं.

पुढची तारीख आली आणि तीही वाहून गेली. या वेळी मी स्वतः सकाळीच सगळीकडे कळवलं होतं. तरी दुपारी स्वारी फाटकात हजर! काखेत कागदात गुंडाळलेला पाव.

"कळलं नाही तुला?" मी विचारलं.

"नाही ना… फोन बंद पडलाय."

त्याच क्षणी त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. तो शांतपणे आभाळाकडे बघत उभा राहिला. फोन वाजून वाजून थांबला, पण त्याचे कान मात्र लालेलाल.

"बंद फोन छान वाजतो हो तुमचा!" टपरीतून डोरीनबाई ओरडल्या.

खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले. मला तो आवडला होता. मनापासून.

आणि तिथेच माझी झोप उडाली. कारण सामन्याची नवी तारीख येत्या शनिवारची होती आणि हंगाम संपत आला होता. एल्डरबी गुणांत सगळ्यांच्या वर. पुढल्या वर्षी ते वरच्या गटात जाणार, म्हणजे आमच्या मैदानाकडे ढुंकूनही बघायचं त्यांना कारण नाही. हा सामना एकदा झाला की रोवन कशासाठी येणार? वाटाणे खायला?

सगळं गाव पाऊस थांबावा म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं आणि मी घरच्या संघाची मुलगी असून रोज खिडकीत उभी राहून ढगांना म्हणत होते, या ना… लाजता कशाला?

ढगांनी ऐकलं नाही. गुरुवारी चक्क ऊन पडलं.

शुक्रवारी दुपारी मैदान राखणाऱ्या विल्फ्रेड आजोबांनी सगळ्यांना हाक दिली. आपापल्या बागेतला माती उकरायचा मोठा काटा घेऊन या, जमिनीला भोकं पाडा, पाणी जिरलं पाहिजे. गाव लोटलं. मीही गेले, न जाऊन सांगते कुणाला? काटा खुपसायचा, हलवायचा, उपसायचा. मनातून मात्र प्रत्येक भोकाला शिव्या देत होते.

"जरा सरकतेस का?"

शेजारी रोवन. मफलर नाही, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि हातात काटा… तोही स्वतःचा! बसमधून घेऊन आला असणार. आणि आला तसा असा काही कामाला भिडला की विल्फ्रेड आजोबाही बघत राहिले.

म्हणजे याला सामना व्हायलाच हवा होता.

"फार घाई झालेली दिसतेय तुला," मी म्हटलं. "उरकून टाकायचाय ना एकदाचा?"

"हो," तो म्हणाला. मान वर न करता.

"मग बरंच आहे की. उद्या जिंका, वर जा, आणि… सुखी राहा."

तेव्हा कुठे तो थांबला. काट्यावर दोन्ही हात टेकून माझ्याकडे बघायला लागला.

"अगं, चिडलीस का?"

"मी कशाला चिडू?"

"ब्रायनी, सामना होत नाही तोवर मी इथे पाहुण्या संघाचा माणूस. दर वेळी काहीतरी निमित्त शोधायचं, फोन बंद पडलाय म्हणायचं… तेही धड जमत नाही मला. हा सामना एकदाचा संपला ना, की रविवारी येईन मी. रविवारी इथे काहीच नसतं. मग कुणी विचारलं की कशाला आलास, तर खरं सांगावंच लागेल."

"काय खरं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"की तुझ्यासाठी आलो… चालेल?"

काहीतरी गोड, शहाणं बोलावं असं फार वाटलं. पण डोळे भरून आले होते, नाकाला चिखल लागला होता, आणि डोरीनबाई टपरीच्या दारातून मान वाकडी करकरून बघत होत्या.

"चालेल," मी म्हटलं. "पण रोवन…"

"काय?"

"त्या पलीकडच्या कोपऱ्यात घोट्याइतकं पाणी आहे. तो कोपरा माझ्याकडे दिला होता. दुपारपासून मी तिथे एकसुद्धा भोक पाडलेलं नाही. मुद्दाम."

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"चल लवकर," मी त्याची बाही ओढली, "उजेड आहे तोवर."