डोब्रिनच्या खोलीतला हीटर

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यासोबत घडली तो डोब्रिन बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, कॉम्प्युटरचं काम करतो. भुताखेतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. आजही कुणी हे विचारलं, तर तो विषय बदलतो.

गाव गाब्रोवो. महिना फेब्रुवारी. वार शुक्रवार, आणि तेही भर दुपारी.

डोब्रिनचे वडील स्टोइल गाब्रोवोतही चिकट म्हणून ओळखले जायचे. म्हणजे बघा, सगळा बल्गेरिया ज्या गावाच्या काटकसरीला हसतो, ते गाव त्यांना हसायचं. खोलीतून बाहेर पडणाऱ्याच्या मागोमाग जाऊन ते दिवा मालवायचे. कधीकधी माणूस आतच असायचा.

कापडगिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांना एक नाद लागला. घरातले दिवे, हीटर, बटणं सगळं एका यंत्राला जोडायचं, म्हणजे एक युनिटही वाया जायला नको. चपलांच्या कपाटात घरातले फोटो साठवायचा एक कॉम्प्युटरसारखा डबा होता, चार डिस्कचा. त्याच डब्यावर त्यांनी घराचा सगळा कारभार चढवला.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हा डबाच वीज खातोय.

अडतीस वॅट. दिवसरात्र.

"अरे, दर सेकंदाला हा काहीतरी लिहीत बसतो," ते फोनवर लेकाला सांगायचे. "डिस्कना डोळा लागू देत नाही. चोरापेक्षा राखणदार जास्त खातोय. तू ये आणि वीसच्या खाली आणून दे मला."

"येत्या शुक्रवारी येतो, बाबा."

दोन वर्षं तो येत्या शुक्रवारी येत होता.

नोव्हेंबरात, एका मंगळवारी, स्टोइल बागेतून आत आले, बूट काढायला बसले, ते उठलेच नाहीत.

तिकडच्या रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी दारावर नवा शोककागद लागला, त्यांचा फोटो छापलेला. साखर घातलेला उकडलेला गहू वाटून झाला. पाहुणे पांगल्यावर डोब्रिन चपलांचं कपाट उघडून जमिनीवर बसला.

"आता कशाला करतोस ते?" आई म्हणाली. नेव्हेना तिचं नाव.

"त्यांनी सांगितलं होतं."

तिनं त्याच्या मांडीखाली उशी सरकवली.

काम तसं अवघड नव्हतं, म्हणून तर त्याला जास्त लागलं. घराचा कारभार त्यानं डिस्कवरून उचलून एका छोट्या एसएसडीवर ठेवला, न फिरणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या डिस्कवर. प्रत्येक सेन्सरची प्रत्येक बारीकसारीक नोंद बंद केली. चारपैकी दोन डिस्क काढल्या. उरलेल्या दोघींना सांगितलं, वीस मिनिटं कुणी हाक मारली नाही तर झोपायचं.

त्या झोपल्या. घरघर थांबली. मीटरवर आकडा आला, एकोणीस.

एवढंच काम होतं. दीड तासाचं. डोब्रिन तिथेच कपाटात तोंड घालून रडला.

सोफियाला परतल्यावर तो फोनवरून लक्ष ठेवून होता. एकोणीस. एकोणीस. एकोणीस.

पण शुक्रवारी दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी...

डिस्क जाग्या झाल्या.

त्यानं आईला फोन लावला. "आई, तीनच्या सुमारास काही लावलंस का?"

"मी बाबांच्या कबरीवर होते रे. शुक्रवारी फुलं बदलायला जाते ना मी शेजारणीबरोबर. पाचला आले."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा. तीन दहा. बाहेरचं दार उघडलेलं नाही. आत कुणाची हालचाल नाही.

कोणीतरी डिस्कवर लिहीत होतं. डोब्रिननं एकेक फाइल तपासायला घेतली, आणि त्याला वडिलांची एक फाइल सापडली. फाइलचं नाव होतं, 'कोणी लावलं'.

त्याला हसू आलं. घरात कुणीही हातानं बटण दाबलं, की त्यात एक ओळ पडायची. म्हाताऱ्यानं बायकोवर पाळत ठेवली होती, आणि ही एक नोंद डिस्कवरून हलवायची राहिली होती.

शेवटच्या दोन ओळी त्यानं वाचल्या, आणि त्याचं हसू गेलं.

'शुक्रवार, ३:१०. डोब्रिनची खोली. हीटर चालू. हाताने.'

'शुक्रवार, ७:३०. डोब्रिनची खोली. हीटर बंद. हाताने.'

तो मागे मागे गेला. दर शुक्रवारी त्याच दोन ओळी. दोन वर्षं.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारनंतरचा शुक्रवार...

त्याही दिवशी होत्या.

"आई, माझ्या खोलीतला हीटर कोण लावतं?"

"तुझे बाबा लावायचे. सोफियाची बस चारला येते ना. म्हणायचे, पोरगं गारठून येईल. तिकडून येणारी साडेसातची शेवटची बसही येऊन गेली, की बंद करायचे."

"आणि आता?"

"आता... तूच करतोस ना फोनवरून? मला वाटलं, तुला आठवण येते म्हणून करतोस."

डोब्रिननं तो कधीच लावला नव्हता.

स्वयंपाकघरात थंडीत कोट घालून बसणारा माणूस. त्यानं दोन वर्षं रिकाम्या खोलीत हीटर लावला, आणि लेकाला एका शब्दानं सांगितलं नाही.

"आई, या शुक्रवारी मी येतो," डोब्रिन म्हणाला.

त्याला खरंच जायचं होतं. तिकीटही काढलं होतं. पण शुक्रवारी सकाळी ऑफिसात काहीतरी अडलं, साहेबानं थांबवून घेतलं, आणि बस चुकली. नेहमीसारखंच झालं.

तीन दहाला त्यानं टेबलाखाली फोन धरला.

हीटर चालू.

चार वाजले. पाच. साडेसात वाजले. तो दुसऱ्या ओळीची वाट बघत राहिला.

ओळ आली नाही.

झोपण्याआधी बघितलं, नाही. सकाळी डोळे उघडताच बघितलं...

हीटर चालूच होता.

जो माणूस जिन्यातला दिवा एक मिनिट जास्त जळू देत नव्हता, त्याच्या घरात रात्रभर हीटर चालू. डोब्रिनला एवढंच कळलं, की यावेळी कुणीतरी आशा सोडलेली नव्हती. त्यानं पहिली बस पकडली.

आई दारातच होती. चेहरा पांढराफटक.

"आत्ता सकाळी मी दोनदा बंद केला," ती हळू आवाजात म्हणाली. "दोनदा परत लागला. मग मी हात नाही लावला."

त्यानं खोलीचं दार ढकललं.

आत ऊब होती. पलंगावर पांघरुणाचा एक कोपरा दुमडून ठेवला होता, लहान मुलासाठी ठेवतात तसा. आईकडे त्यानं बघितलं. तिनं मानेनंच सांगितलं, ती नाही.

डोब्रिनला भीती वाटली, हे तो कबूल करतो. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

"बाबा," तो म्हणाला. "आलो मी. उशीर झाला. बंद करा आता."

घरात शांतता...

टक्.

भिंतीवरचं बटण त्याच्या डोळ्यांदेखत बंद झालं. मागे आईनं छातीवर क्रूस काढला. हीटरचे पत्रे गार होताना बारीक कुरकुरले, आणि मग तेही थांबले.

त्या दिवसानंतर ती ओळ पुन्हा आलेली नाही. डबा दिवसरात्र एकोणीस वॅटवर चालतो. शुक्रवारी दुपारीसुद्धा डिस्क झोपलेल्या असतात.

डोब्रिन आता एकही शुक्रवार चुकवत नाही. बसमध्ये तीन दहाला फोन उघडून बघतो. 'बंद करा आता' असं आपण का बोललो, हे त्यानं आईला कितीदा विचारलंय. हीटर बंद करा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण तुझ्या बाबांना बंद करा म्हटलं, की ते कायमचं बंद करायचे, असं आई सांगते.

चारची बस येते. तो घरी जातो, आपल्या खोलीचं दार उघडतो आणि थोडा वेळ उंबऱ्यातच उभा राहतो.

खोली गार असते.