पाच थरांखालचं नख

बाटली एकच, रंग एकच, थरही दोन्हीकडे पाचच. तरी चंदनाच्या नखावर तो रंग पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा गडद दिसत होता, आणि नेमकरावांच्या काचपट्टीवर मात्र पाणी जास्त झालेल्या सरबतासारखा फिका. असं कसं होईल? दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत असणार. आणि नेमकरावांना खोटं बोलता येत नाही, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांना तसं बनवलेलंच नव्हतं.

नेमकराव म्हणजे ‘बालपरीक्षण मंडळा’चा यंत्रमानव. त्याचं खरं नाव नि-७. नेमकराव हे मुलांनी ठेवलेलं. मंडळाच्या संकेतस्थळावर जिल्ह्यातली मुलं आपापल्या वापरातल्या वस्तूंचं परीक्षण लिहीत: सायकली, कंपासपेट्या, भडंगाची पाकिटं, काय वाटेल ते. नेमकराव प्रत्येक दावा तपासून बघत. दावा खरा निघाला तर परीक्षण छापलं जाई. खोटा निघाला तर त्यावर ‘अविश्वसनीय’ असा लाल शिक्का बसे, आणि ज्याच्या नावावर तो बसे त्याचं लिखाण अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मंडळ छापत नसे.

चंदना मगदूम बारा वर्षांची होती. अठरा म्हणजे तिच्या दृष्टीने जवळजवळ म्हातारपण.

ती नेलपॉलिशवर लिहायची. त्यातही पारभासी (अर्धवट आरपार दिसणारं) नेलपॉलिश तिचं विशेष लाडकं. गुलाबीवर निळं चढवलं की काय होतं, पिवळ्यावर हिरवं कसं दिसतं, पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिला की सुरकुत्या कशा पडतात, हे सगळं ती स्वतःच्या बोटांवर करून बघायची आणि मगच लिहायची. ‘जांभूळसाय’ या रंगाबद्दल तिने लिहिलं होतं: ‘बाटलीवर छापलंय की एक थर एक पंचमांश प्रकाश अडवतो. म्हणजे पाच थरांत सगळा प्रकाश अडला. मी लावून बघितलं. पाच थरांनी नख गडद जांभळं होतं. रंग उत्तम.’

नेमकरावांनी पट्टीवर पाच थर दिले, मागून दिवा लावला, पुढून मोजलं आणि पट्टीच्या फोटोसह कळवलं की शंभरातले तेहतीस किरण अजून आरपार येताहेत. म्हणून परीक्षण अविश्वसनीय. शिवाय जे नेलपॉलिश पाच थरांतही झाकत नाही ते सदोष.

मंडळाचं काम बघणाऱ्या शेटे मॅडमनी फोन केला. बाई मनाने वाईट नव्हत्या, फक्त त्यांना सगळं लवकर आटपायचं असे. त्यांनी चंदनाला समजावलं की परीक्षण गपचूप मागे घे, म्हणजे शिक्का बसणार नाही, आणि पुढच्या वेळी एखाद्या पेन्सिलीवर लिही. नखं रंगवण्यात कसलं आलंय परीक्षण? तिला हवंच असेल तर सुनावणी मागता येईल, पण हरली तर शिक्का बसलाच.

“मला सुनावणी पाहिजे,” चंदना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शिक्क्याची भीती होतीच, पण राग त्याहून मोठा होता. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. बोट अजून समोरच होतं, जांभळं, गडद. आणि ते बोट खोटं आहे असं कुणीतरी दिव्यासमोर पट्टी धरून सांगत होतं. ती तणतणत आबांच्या खोलीत गेली.

आबा म्हणजे तिचे आजोबा. उभं आयुष्य त्यांनी दुर्बिणींसाठी रंगीत काचा घडवण्यात घालवलेलं. हव्या त्या रंगाचा प्रकाश जाऊ द्यायचा, नको तो अडवायचा, एवढंच त्या काचांचं काम. पण त्यासाठी आबा वर्षानुवर्षं डोळे फोडत बसलेले. नातीची तक्रार त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. तिला वाटलं, आता हे मंडळाला फोन लावतील. त्यांनी उजवा हात पुढे केला.

“अंगठ्याला एक थर, मग पुढच्या बोटाला दोन, असं करत करंगळीला पाच. लाव बघू.”

“तुम्हाला? आबा, बाहेर जाल तर लोक हसतील की.”

“हसू देत. त्यांच्या दातांचं परीक्षण करू.”

मग ती लावत बसली. प्रत्येक थर पातळ, प्रत्येक थर नीट वाळवून. पाची बोटं झाल्यावर आबांनी हात उजेडात धरला आणि विचारलं, की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत रंग सारख्याच पायरीने वाढतोय का? चंदनाने निरखून बघितलं. नाही. पहिल्या दोन बोटांत फरक मोठा होता, मग कमी, आणि चौथ्या-पाचव्यात तर जेमतेम ओळखू येत होता. तिच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक पायरी सारखी हवी होती.

आबांनी तिला आधी जांभळा रंग म्हणजे काय ते विचारलं. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, हे तिला ठाऊक होतं. जांभूळसायमधला रंग त्यातले हिरवे किरण गिळतो (याला शोषण म्हणतात) आणि लाल-निळे सोडून देतो. ते लाल-निळे मिळून आपल्याला जांभळं दिसतं. हिरवे जितके जास्त गिळले जातील तितकं जांभळं गडद. म्हणजे हिशेब करायचा तो हिरव्या किरणांचा; बाटलीवरचा आकडा त्यांचाच, आणि नेमकरावांनी मोजले तेही तेच.

“समज, शंभर हिरवे किरण आले,” आबा म्हणाले. “पहिल्या थराने एक पंचमांश गिळले. राहिले किती?”

“ऐंशी.”

“दुसऱ्या थराला किती भेटले?”

चंदना ‘शंभर’ म्हणणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दुसऱ्या थराला शंभर भेटलेच नव्हते. त्याच्यापर्यंत पोचले ऐंशीच, आणि तो गिळणार त्या ऐंशीतला एक पंचमांश, म्हणजे सोळा. उरले चौसष्ट. तिसऱ्याने त्या चौसष्टातले गिळले, उरले एक्कावन्न. मग एक्केचाळीस. मग तेहतीस. प्रत्येक थर आपल्या वाट्याला आलेल्यातलाच हिस्सा घेतो, म्हणून प्रत्येक पुढचा थर आधीच्यापेक्षा कमी अडवतो. थर कितीही चढवा, थोडे किरण उरणारच.

तेहतीस. नेमकरावांचा आकडा अगदी बरोबर होता. चंदनाने बेरीज केली होती आणि करायचा होता गुणाकार. तिचे कान तापले.

“म्हणजे मीच चुकले,” ती म्हणाली. “आता मागे घेऊ?”

“ते तू ठरव. पण मला एक सांग, करंगळीवर तुला तेहतीस दिसतात का?”

दिसत नव्हते. तीच तर सगळ्या भांडणाची गोम होती. हिशेब चुकला होता, पण नख अजूनही गडदच होतं, नेमकरावांच्या पट्टीपेक्षा कितीतरी गडद. आबांनी यापुढे काही सांगायला साफ नकार दिला. त्यांनी कपाटातून जांभळ्या जिलेटीन कागदाचा तुकडा काढून तिच्या हातात दिला आणि स्वतः पेपर वाचत बसले.

चंदनाने कागद खिडकीसमोर धरला. फिका. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर ठेवला. गडद. पुन्हा खिडकीसमोर. फिका. पुन्हा कागदावर. गडद. तोच तुकडा, एकच थर. ती चिडली, उठली, बसली, परत उठली. मग तिने तुकड्याच्या वरून बोट हळूहळू खाली आणलं. प्रकाश असा आला, जिलेटीनमधून गेला, खालच्या पांढऱ्या कागदाला लागला. आणि तो माझ्या डोळ्यात आला कसा? परत फिरून. परत फिरताना तो कुठून आला? त्याच जिलेटीनमधून. दुसऱ्यांदा.

“आबा, तो दोनदा जातो,” ती म्हणाली. आबांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते त्यांनी मघापासून पेपरामागे दडवून ठेवलेलं असणार.

सुनावणीला आबा तसेच निघाले, रंगवलेल्या बोटांनिशी. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा बघितलं. मंडळाच्या दालनात शेटे मॅडमनी एकदा बघितलं आणि नजर फाइलीत घातली. आबांनी हात मांडीवर ऐटीत पसरून ठेवला होता.

नेमकराव टेबलामागे उभे होते, उंच, करडे, अत्यंत सभ्य. “आपला दावा कायम आहे का?” त्यांनी विचारलं.

“अर्धा,” चंदना म्हणाली. “पाच थरांत सगळा प्रकाश अडतो हे मी चुकीचं लिहिलं. मी बेरीज केली, गुणाकार करायचा होता. तुमचे तेहतीस बरोबर आहेत.”

शेटे मॅडमना सुटल्यासारखं झालं. नेमकरावांचा शिक्क्याचा हात उचलला गेला. “दावा चुकीचा असल्याचं आपण मान्य केलंत. मग शिक्का—”

“थांबा. माझा हिशेब चुकला, डोळा नाही चुकला. पट्टीखाली कोरा पांढरा कागद ठेवा, दिवा मागून काढून पुढे लावा, आणि पुढूनच मोजा.”

नेमकरावांनी नम्रपणे कळवलं, की नियमानुसार पट्टी मोकळी धरायची असते आणि पारगमन (प्रकाश आरपार जाणं) मोजायचं असतं. शेटे मॅडम म्हणाल्या की बाळ, नियम सगळ्यांना सारखे. चंदनाला ‘बाळ’ मुळीच आवडलं नाही.

“तुमच्या नियमात नखच नाही,” ती म्हणाली. “नखाच्या मागून कुणी दिवा लावत नाही. प्रकाश पुढून येतो, पाच थरांतून आत जातो, नखावर आपटतो आणि परत फिरतो. त्याला परावर्तन म्हणतात. परत येताना त्याला तेच पाच थर पुन्हा लागतात. लावले पाच, पण प्रकाशाने ओलांडले दहा. तुम्ही पाचच मोजलेत. तुम्ही काचेचं परीक्षण केलंत, मी नखाचं केलंय.”

नेमकरावांनी शिक्का खाली ठेवला, ड्रॉवरमधून पांढरा कागद काढला, दिवा फिरवला आणि मोजलं.

“अकरा,” ते म्हणाले. “शंभरातले अकरा. नख कागदाइतकं पांढरं नसल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा वेगळा येईल. परंतु आपल्याला गडद दिसलं ते खरं होतं.”

चंदना तरीही खाली बसली नाही. अजून एक बाकी होतं. त्या बाटलीवर सदोष असं लिहिलेलं तिला खुपत होतं. तिने सांगितलं की नेलपॉलिश दोन जातींचं असतं. एकात अपारदर्शक भुकटी असते, ती प्रकाशाला नखापर्यंत पोचूच देत नाही, वरच्या वर परतवते. त्याचं काम झाकायचं. दुसरं पारभासी. ते प्रकाशाला आत जाऊ देतं आणि बाहेर येऊ देतं, म्हणून त्याचा रंग आतून आल्यासारखा वाटतो, आणि खाली पिवळं असेल तर वेगळा दिसतो, निळं असेल तर वेगळा. ते झाकत नाही, कारण त्याला झाकायचंच नाहीये. खिडकी भिंत नाही म्हणून तिला कुणी नापास करतं का?

शेटे मॅडमनी घड्याळ बघितलं आणि चांगला तोडगा सुचवला. परीक्षण छापू, चुकीचं वाक्य तेवढं काढून टाकू, म्हणजे कुणाला कळणारही नाही.

“नको,” चंदना म्हणाली. “ते वाक्य राहू दे. त्यावर रेघ मारा आणि खाली बरोबर हिशेब छापा. बेरीज करणारी मी एकटी नसणार.”

आबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना कुणाला दाखवायचे नव्हते. मग घसा साफ करून ते हळूच म्हणाले, की दूरच्या ग्रहांच्या हवेतून प्रकाश असाच आत जातो, जमिनीवर आपटतो आणि परत निघतो. तिथल्या हवेने कोणते किरण गिळले हे ओळखायला आबांच्या काचांना हाच हिशेब लागायचा. चंदनाने डोळे विस्फारून त्यांच्याकडे बघितलं. एवढी मोठी गोष्ट हे आतापर्यंत पोटात ठेवून बसले होते. घरी गेल्यावर त्यांना सोडायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

नेमकरावांनी परीक्षण पडद्यावर आणलं. चुकीच्या वाक्यावर रेघ पडली, खाली गुणाकार उमटला, चंदनाचं नाव आलं. मग जांभूळसायपुढचं ‘सदोष’ पुसलं गेलं आणि त्या जागी आलं: ‘फेरतपासणीत उत्तीर्ण. नि-७.’

“एवढंच?” चंदनाने विचारलं.

“अजून काय अपेक्षित आहे?”

“का चुकलं ते लिहा. मी लिहिलंय.”

शेटे मॅडम काहीतरी म्हणायला गेल्या. नेमकरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी कुणाला मधेच थांबवल्याचं आजवर कुणी बघितलं नव्हतं. पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. ‘मी प्रकाश एकाच बाजूने मोजला. तो परत फिरतो हे लक्षात घेतलं नाही. आजवर मी नापास केलेले सर्व पारभासी रंग पुन्हा तपासायला घेत आहे.’

चंदनाने ते अक्षरन् अक्षर वाचलं. मग टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि फेरतपासणीची पहिली बाटली मागितली.