बिल्ला काठावर होता

"ताई, मी कधी नदीवरून परत आलो नाही ना, तर आधी नदीत शोधू नकोस."

माझा धाकटा भाऊ हे बोलला तेव्हा ओट्यावर बसून बिस्किटं खात होता. मी माझ्या मुलीला, ठमीला, दूध पाजायच्या खटपटीत होते. "मग कुठे शोधू? तुझ्या सासरी?" मी म्हटलं. त्याचं लग्नच झालेलं नाही. तो हसला, मीही हसले, आणि विषय तिथेच संपला.

हे गुरुवारी. शनिवारी सकाळी पावणेनऊला ऑफिसातला फोन वाजला.

पलीकडे ड्रायव्हर काका होते. आमच्या राफ्टिंग कंपनीच्या बोटी ट्रेलरवर घालून ते वर नेतात. एरवी फोनवर ओरडणारा हा माणूस कानात सांगितल्यासारखा बोलत होता.

"लंबूची कयाक मिळाली. मोठ्या रॅपिडच्या खालच्या डोहात. उलटी."

"आणि लंबू?"

काकांनी फोन ठेवला.

लंबू म्हणजे माझा भाऊ. सहा फूट दोन इंच. पाहुण्यांच्या राफ्टपुढे तो एकट्याच्या चिंचोळ्या होडीतून, कयाकमधून, चालतो आणि रॅपिडमध्ये, खडकांतून उसळणाऱ्या पाण्यात, पडलेल्याला उचलतो. कयाकच्या पोटात पाय रोवायला दोन टेकू असतात. ज्याचे पाय जेवढे लांब, तेवढे ते पुढे सरकवायचे. एकदा हौसेने मी त्याच्या बोटीत बसले, तर माझे पाय टेकूंपर्यंत पोचलेच नाहीत. "अजून फूटभर वाढ, मग ये," तो म्हणाला होता.

मी सामानाची खोली आणि ऑफिस सांभाळते. नवरा जहाजावर असतो, सहा-सहा महिने येत नाही. त्यामुळे घाबरायचं कामही माझ्या एकटीवरच आहे. गॅस बंद आहे का, हे मी तीनदा बघते. पण त्या वाक्याकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

*

दहा वाजेपर्यंत सगळे डोहाजवळ जमले. धरणातून रोज साडेदहाला पाणी सोडतात, मग नदी पुरुषभर चढते. शोधासाठी धरणवाल्यांनी ते चार वाजेपर्यंत अडवून धरलं.

इन्स्पेक्टर बाई ऑफिसात आल्या, खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी आधी फोटोवाल्याला विचारलं. तो राफ्टचे फोटो काढून विकतो आणि पहाटे पक्ष्यांच्या मागे असतो.

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"सात वाजता. मी रॅपिडच्या वरच्या दगडावर होतो. निळी कयाक, पिवळं हेल्मेट. सफाईने उतरला आणि वळणाआड गेला."

"चेहरा?"

"लांबून कसा दिसणार? पण बोट त्याचीच. आणि त्या रॅपिडमध्ये एवढ्या सकाळी दुसरं कोण मरायला..." त्याने जीभ चावली.

मग उस्ताद. आमच्याकडच्या सगळ्या गाइडना त्यांनीच पोहायला आणि वल्हवायला शिकवलं, लंबूलाही. उंचीने माझ्याएवढेच, पण हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस थांबायचा. फोटोवाला आम्हा दोघांहून बोटभर उंच, आणि ते तो रोज बोलून दाखवायचा.

"तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"साडेसहाला. वरच्या घाटावर बोट पाण्यात लोटत होता. मी म्हटलं, एकटा जाऊ नकोस. ऐकतोय कुठे!"

"भांडण वगैरे?"

"माझ्याशी रोज. लाइफ जॅकेटं जुनी झाली, बदला, हाच धोशा. पोरगं चांगलं होतं, बाई."

'होतं' म्हणाले ते.

इन्स्पेक्टर बाईंचं लक्ष माझ्यामागच्या फळ्याकडे गेलं. "हे काय?"

मी सांगितलं. मागच्या हंगामात पाहुण्यांपैकी एक मुलगी बुडाली. जॅकेटचा पट्टा तिने स्वतःच सोडला, असं चौकशीत निघालं. त्यानंतर लंबूने हा फळा लावला. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला. पाण्यावर जाताना 'नदीत'च्या खिळ्यावर अडकवायचा, आल्यावर 'काठावर'. लंबू ऑफिसच्या वरच्याच खोलीत राहतो. पहाटे निघताना तो आधी बिल्ला हलवतो, मग बुटाची नाडी बांधतो. त्याची कयाक आणि हेल्मेट कायम वरच्या घाटावरच असतात.

"मग त्याचा बिल्ला काठावर कसा?"

मी वळून पाहिलं. खरंच. सकाळपासून माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"विसरला असेल," उस्ताद म्हणाले. "माणूस आहे. मी तर तो एकदाही हलवलेला नाही. हजेरी लावायला शाळेत आहोत का?"

काका खिन्नपणे हसले. मी हसले नाही. लंबू आंघोळ विसरेल, बिल्ला विसरणार नाही.

*

तीन वाजले. काहीच मिळालं नव्हतं. उस्ताद ओल्या कपड्यांत काठावर आले आणि इन्स्पेक्टर बाईंना म्हणाले, "चारची वाट बघू नका. आत्ताच पाणी सोडायला सांगा. खाली कुठे खडकात अडकला असेल तर मोठं पाणीच त्याला वर काढेल. तीस वर्षं बघतोय मी हे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी फोन काढला. मला ते ऐकवेना. ठमी कंटाळून रडत होती, उस्तादांनी तिला कडेवर घेतलं. "जा, तोंडावर पाणी मार. मी बघतो हिला."

मी सामानाच्या शेडमध्ये गेले. कयाक जमिनीवर पडली होती. पोलिसांचे फोटो काढून झाले होते. लहानपणी लंबूला शाळेतून यायला उशीर झाला की मी त्याच्या अंथरुणावर जाऊन बसायची. तसंच काहीतरी झालं असेल. मी कयाकमध्ये बसले आणि पाय लांब केले.

माझे पाय टेकले.

मी ते मागे घेतले, पुन्हा लांब केले. पुन्हा टेकले, अगदी मापाने शिवून घेतल्यासारखे.

लंबू या बोटीत बसला असता तर त्याचे गुडघे हनुवटीला लागले असते. सात वाजता या बोटीत लंबू नव्हता. माझ्या उंचीचं कुणीतरी होतं.

मी वाकून आत हात घातला. उजव्या टेकूच्या पट्टीत काहीतरी अडकलं होतं. ओढून काढलं. ओलं, राखाडी पीस.

"कबू!"

दारात उस्ताद उभे होते. त्यांच्या कडेवरून ठमी माझ्या हाताकडे बोट दाखवत होती. "कबू! मामा कबू!"

ठमीची कबुतरं या भागात एकाच जागी आहेत. वरच्या घाटाला लागून नदीची पातळी मोजायची जुनी दगडी खोली आहे. मामा तिला रोज संध्याकाळी तिथे न्यायचा. खोलीच्या मधोमध विहीर आहे. खालून नळाने ती नदीला जोडलेली, म्हणजे नदी जेवढी चढते तेवढीच विहीर चढते. "दारातूनच दाखव, आत नेशील तर बघ," असं मी लंबूला रोज बजावायची. आणि नदी लवकर चढायला हवी होती ती उस्तादांना.

उस्तादांनी पिसाकडे पाहिलं, मग कयाकमधल्या माझ्या पायांकडे. त्यांच्या मागे दहा पावलांवर नदी होती.

"काय बघतेस आत?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"काही नाही. जरा रडू आलं." मी उठले. "द्या तिला. भुकेची वेळ झाली तिची."

त्यांनी ठमीला दिलं नाही.

मी हात पुढे करून उभी राहिले. एक, दोन, तीन श्वास. ठमीने त्यांचा कान ओढला आणि माझ्याकडे झेप घेतली. तेव्हा कुठे त्यांचे हात सुटले.

मी धावले नाही. धावले असते तर त्यांना कळलं असतं. ठमीला छातीशी धरून, एकेक पाऊल मोजत इन्स्पेक्टर बाईंपर्यंत गेले.

"पाणी थांबवा. लंबू नदीत नाही. जुन्या मोजणीच्या विहिरीत आहे."

बाईंनी घड्याळ बघितलं. "अहो, साडेतीनला दार उचललंसुद्धा. पाणी निघालं."

धरणापासून घाटापर्यंत पाण्याला वीस मिनिटं लागतात. दहा होऊन गेली होती. बाई फोनवर ओरडल्या, काकांनी जीप सुरू केली. मी ठमीला फोटोवाल्याच्या हातात दिलं. "हिला खाली ठेवायचं नाही. कुणाकडेही द्यायचं नाही. कुणाकडेही!" तो इतका घाबरला की त्याने मानही हलवली नाही.

जीप निघताना उस्ताद दोराची पिशवी घेऊन मागे चढले. "मी येतो. माझ्याशिवाय दोर कोण टाकणार?"

ते माझ्या शेजारी बसले. त्यांच्या बाहीचं पाणी माझ्या हातावर ठिबकत होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोंड उघडलं असतं तर नुसती किंकाळी आली असती.

*

खोलीचं दार तारेने बांधलेलं होतं. काकांनी लाथ मारून ते उघडलं. कबुतरं भरारा उडाली. विहिरीवर लाकडी झाकण होतं, आणि झाकणावर दोन हातांनी उचलावा लागेल असा दगड.

काकांनी दगड ढकलला, झाकण ओढलं.

"लंबू!"

आधी फक्त पाण्याचा घुमणारा आवाज. मग अगदी खालून, "ताई, पाणी वाढतंय."

टॉर्चच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. एक पाय वाकडा. एका हाताने भिंतीतली गंजकी कडी धरलेली. पाणी छातीपर्यंत, आणि बघता बघता काखेत.

"टाका दोर!" बाई उस्तादांना म्हणाल्या.

"त्यांच्या हातात दोर देऊ नका!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "दगड त्यांनीच ठेवलाय!"

मग मी ती पिशवी हिसकावून घेतली. काकांनी दोर स्वतःच्या कमरेला बांधला, मी दुसरं टोक खाली सोडलं. लंबूने दातांनी, हातांनी, कसाबसा तो अंगाभोवती घेतला. आम्ही ओढलं. पाणी त्याच्या मागोमाग वर येत होतं, जणू त्याला परत न्यायला.

मागे बाईंनी उस्तादांचा दंड धरला होता. त्यांनी सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

*

लंबूला दवाखान्यात नेल्यावर बाईंनी आम्हाला ऑफिसात बसवलं. ठमी माझ्या मांडीवर झोपली होती.

"आता नीट सांगा. कसं कळलं?"

"बिल्ला काठावर होता," मी म्हटलं. "म्हणजे लंबू पहाटे गेला तो वल्हवायला नाही. कुणाला तरी भेटायला. दुसऱ्या कुणी त्याला नदीत गेल्याचं दाखवायचं ठरवलं असतं तर आधी बिल्ला हलवला असता. पण ज्याने आयुष्यात तो हलवलाच नाही, त्याला आठवणार कसा?"

उस्ताद जमिनीकडे बघत होते.

"मग टेकू. बसलेल्या माणसाची उंची लांबून कळत नाही, म्हणून फोटोवाल्याला हेल्मेट दिसलं आणि तो फसला. पण टेकूशिवाय तो रॅपिड उतरता येत नाही, ते जवळ ओढावेच लागले. आणि बोट उलटवून पोहत बाहेर पडताना ते परत कोण सरकवणार? माझ्या मापाची इथे तीनच माणसं. मला डोहातसुद्धा वल्हवता येत नाही. फोटोवाला खोटं बोलत असता तर लंबूचा चेहराही पाहिला म्हणाला असता. उरलं कोण? विहिरीजवळचं पीस त्यांच्या बुटाला चिकटून बोटीत आलं."

"आणि साडेसहाला घाटावर पाहिलं म्हणाले ते?"

"घाटावर होते, तेवढंच खरं."

"पण कशासाठी?"

"हे लंबूने मघाशी जीपमध्ये सांगितलं. दर हंगामाआधी प्रत्येक जॅकेटला वजन बांधून डोहात तरंगवून बघायचं असतं. उस्ताद बघायचे, माझ्या वहीत सही करायचे. मागच्या वर्षी न बघताच सही केली. त्या मुलीचं जॅकेट भिजून दगड झालेलं होतं. चौकशीत दाखवलं ते दुसरंच. खरं लंबूला महिन्यापूर्वी शेडच्या माळ्यावर मिळालं. त्याने ते मोजणीच्या खोलीत लपवलं आणि यांना सांगितलं, 'सोमवारपर्यंत तुम्ही स्वतः जाऊन सांगा, नाहीतर मी सांगतो.' गुरूला एक संधी द्यायची होती त्याला."

"झटापट झाली," उस्ताद पहिल्यांदाच बोलले. "त्याच्या हातातून ते जॅकेट ओढत होतो. तो पडला. मी हाक मारली. मला वाटलं, गेला."

"उस्ताद," मी म्हटलं. जीभ अजून त्यांना अहो-जाहोच करत होती. "गेलेल्या माणसावर झाकण लावून दगड कशाला ठेवलात?"

मी थांबले नाही.

"त्याने तुमच्या हाकेला ओ दिली होती. 'उस्ताद, पाय मोडलाय' म्हणाला. मग झाकण बंद झालं. आणि तुम्ही पाणी लवकर सोडा म्हणालात."

बाहेर मोठं पाणी गर्जत चाललं होतं. उस्तादांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाई उठल्या.

*

लंबूचा पाय प्लास्टरमध्ये आहे. तो सध्या माझ्याच घरी असतो आणि ठमी त्याच्या प्लास्टरवर कबुतरं काढते. त्या बुडालेल्या मुलीच्या आईला आम्ही दोघांनी जाऊन सांगितलं, की पट्टा तुमच्या मुलीने सोडला नव्हता. दार लावायच्या आधी त्यांनी ठमीच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

मी आता गॅस चारदा बघते.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. तुमच्याही ओट्यावर बसून कुणी हसत हसत असं एखादं वाक्य टाकून गेलं असेल, आणि तुम्ही ते हसण्यावारी नेलं असेल. त्या माणसाला आत्ता फोन लावा. मेसेज नको. बोट दुसरं कुणी वल्हवू शकतं, तसा मेसेजही दुसरं कुणी पाठवू शकतं. फोन लावा आणि त्याचा आवाज ऐका.