प्रतिदेहाचे गुडघे

पडद्यावरच्या निर्मला हेरवाडे यांचे गुडघे लालभडक दिसत होते आणि खऱ्या निर्मला हेरवाडे लिफ्टकडे ढुंकूनही न पाहता तीन जिने चढून, हसत दारात उभ्या होत्या. कोल्हापूरच्या ‘आरोहण’ कर्करोग केंद्रात असा घोळ आजवर झाला नव्हता.

“बाई, दुखत नाही तुम्हाला?” फिरोज मुजावरने विचारले. तो केंद्राचा संगणकतज्ज्ञ, पण शाळेत निर्मलाबाईंच्या हाताखाली कबड्डी खेळलेला. त्यामुळे त्यांच्यासमोर आजही जरा वाकूनच उभा राहायचा.

“मला काय धाड भरलीय? ही कोण रे, अशी रडवेली?”

“हा तुमचा प्रतिदेह. तुमची जनुकं, रक्त, हाडांची झीज, सगळं यात भरलंय. तुम्ही जे घेता म्हणून सांगता, ते आम्ही याला देतो. हा काळाच्या पुढे धावतो. तुम्हाला पुढे काय होणार, ते याला आजच होतं.”

डॉ. उर्मिला तगारे पडद्यावरचे आणि बाईंचे गुडघे ताडून पाहत होत्या. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या स्तनाची शस्त्रक्रिया त्यांनीच केली होती. तेव्हापासून बाईंना संप्रेरकरोधक गोळी सुरू होती. ती रोज घ्यायची, तीही अनेक वर्षे. गोळी कर्करोगाला दूर ठेवते, पण तिने सांधे धरतात आणि घामाने झोप मोडते. प्रतिदेहाला हे सगळे होत होते. बाईंना का नाही?

“गोळी रोज घेता ना?”

“रोज.”

“दुसरं कुठलं औषध?”

“छे, छे.” असे म्हणत बाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणभर काळे पाणी नाक दाबून प्यायल्या. खोलीभर उग्र वास पसरला.

“हे काय?”

“मेबाईंचा काढा.”

“आत्ताच म्हणालात, औषध नाही!”

“मग? काढा औषध कधीपासनं झाला, डॉक्टर?” बाई खरोखरच बुचकळ्यात पडल्या होत्या.

मेबाईंचे आजोबा चीनमधून येऊन इथे दातांचा दवाखाना थाटून बसले होते. मेबाई मात्र अस्सल कोल्हापुरी, आणि त्यांचीही तीच शस्त्रक्रिया झालेली. दर शनिवारी त्या आजोबांच्या पद्धतीने चिनी मुळ्या आणि साली उकळत. शस्त्रक्रिया झालेल्या बायका त्यांच्या स्वयंपाकघरात गोल करून बसत, वासाला नावे ठेवत आणि आठवड्याचा काढा घेऊन घरी जात. उर्मिलांच्या निम्म्या रुग्ण तिथे जात होत्या. एकीनेही हे सांगितले नव्हते, कारण विचारले होते ते औषधाबद्दल.

उर्मिलांचा पारा चढला. त्यांच्या सख्ख्या मावशीने गोळी टाकून झाडपाला धरला होता, आणि उपचाराला परत आली तेव्हा हातात काही उरले नव्हते. “या मुळ्यांत संप्रेरकासारखं काही असलं तर गोळीवर पाणी पडेल!”

“काढा मला तपासू द्या, मॅडम,” फिरोज म्हणाला. “घटक वेगळे करून प्रतिदेहाला पाजतो. तीन महिने लागतील.”

“तीन महिने मी यांचा जीव टांगणीला लावू? आजपासून काढा बंद. सगळ्यांचा.”

त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. पण भीतीने घातलेली बंदीही बंदीच असते.

तीन महिन्यांनी बाई पुन्हा जिनाच चढून आल्या. काढा बंद, रक्तात गोळी पुरेशी, तक्रार काहीच नाही. बाकीच्या बायकांचेही तेच. उर्मिला खुशीत होत्या. काढ्यावाचूनही बायका कशा ठणठणीत राहिल्या, यावर त्यांनी शोधनिबंधही लिहायला घेतला होता.

“बघा, काढ्यावाचून काही अडलं का?”

पिशवी उचलून बाई लगबगीने निघाल्या.

त्या दुपारी फिरोज आला, तो बसलाच नाही. “काढ्याचं पृथक्करण झालं. एक मूळ वगळायला हवं, ते संप्रेरकासारखं वागतं. बाकीचं गोळीच्या आड येत नाही. आणि मॅडम, काढा पाजला की प्रतिदेहाच्या गुडघ्यांची लाली उतरते, ते अगदी तीन महिन्यांपूर्वीच्या बाईंसारखे होतात.”

“म्हणजे काढा दुखणं कमी करत होता. बरं, मग?”

“मग आता काढा बंद आहे. गोळी चालू असेल, तर बाईंना दुखायला हवं.”

उर्मिलांनी बाईंच्या रक्ताचा अहवाल पुढे ओढला.

“प्रतिदेह आणि बाई जुळाव्यात म्हणून मी सगळं करून पाहिलं. एकाच गोष्टीने जुळतात.” त्याने पडद्यावर गोळी बंद केली. प्रतिदेहाचे सांधे मोकळे झाले. मग त्याने काळ पुढे ढकलला. दोन वर्षांपुढे, काखेजवळ, एक गाठ दिसू लागली.

बाईंना बोलावून घेतले. गोळी सोडल्याचे त्यांनी आढेवेढे न घेता कबूल केले.

“पण रक्तात गोळी सापडली!” उर्मिला म्हणाल्या.

“तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस घेते की. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर झाडतोच नव्हं?” मग बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. “सोसत नव्हतं, डॉक्टर. मैदानावर खाली बसले की उठवेना. काढा होता तवर निभत होतं. तुमी बंद म्हणालात. तुमी इतकं जिवापाड करता, तुमाला कुठल्या तोंडानं सांगायचं?” पडद्याकडे पाहताना त्यांचा हात नकळत काखेकडे गेला. “मलाबी आलीय?”

“नाही. अजून नाही.” उर्मिलांना रडू आवरले नाही. “चूक माझी आहे, बाई. गोळी आजपासून सुरू करायची, आणि काढाही. ते एक मूळ सोडून. मेबाईंना मी स्वतः जाऊन सांगते.”

बाई गेल्या. या वेळी लिफ्टने; आता काही लपवायचे नव्हते.

फिरोज अजून उभाच होता. “मॅडम, बंदीनंतरही तक्रार नसलेल्या बाकीच्या बायका...”

उर्मिलांनी निबंधाकडे पाहिले. त्यात ज्या ज्या रुग्ण ठणठणीत म्हणून नोंदवल्या होत्या, त्या सगळ्या शनिवारी काढा नेणाऱ्या होत्या. त्यांनी फोन उचलला आणि यादीतल्या पहिलीला लावला.

“अगदी बरी आहे मी, डॉक्टर,” पलीकडून उत्साहाने उत्तर आले. “काही म्हणजे काही दुखत नाही.”