हाडपट्टी

कांडळबेटाच्या धावपट्टीला भूक लागे, आणि तिचं खाणं म्हणजे वजन.

डॉ. अरुंधती लेले यांनी ती बांधली नव्हती, वाढवली होती. तिच्या पोटात समुद्राचं पाणी खेळवून त्यांनी प्रवाळ जगवलं होतं. जिथे भार पडेल तिथे ते चुना रचायचं, जिथे पडणार नाही तिथला विरघळवून टाकायचं. आपल्या हाडांचंही तसंच असतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात ती याचमुळे. म्हणून मालवणाकडून येऊन इथे वसलेले कोळी तिला हाडपट्टी म्हणत.

एकाच पट्टीवर हवाई दल आणि नागरी विमानतळ असा दोन जावांचा संसार होता. मग शेजारी देशाशी तह झाला आणि दलाचा तळ उठला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बेटाने पेढे वाटले. त्यात विमानतळाची व्यवस्थापक हेमांगी कुबल सगळ्यांत पुढे होती.

वर्ष सरलं नाही तोच पट्टीला भेगा पडल्या. रुग्णविमानाच्या वैमानिकाने उतरायला साफ नकार दिला. हेमांगीचा जीव टांगणीला लागला. तिच्या वहिनीच्या पोटात जुळी होती, बाळंतपण मोठ्या इस्पितळातच व्हायला हवं होतं, आणि पावसाळ्यात बोट बंद.

"लढाऊ विमानांचं आदळणं थांबलं, पट्टी उपाशी राहिली," लेलेबाई म्हणाल्या. "तुमच्या चिमुकल्या विमानाने तिचं पोट कसं भरणार?"

चिडली की हेमांगीला मालवणी सुचे. "तिका वजनच व्हया ना? मगे आमच्यो होड्यो काय कापसाच्यो आसत?"

होडी ओढायची तर किनाऱ्यावर असेल त्याने दोराला हात लावायचा, मग तो पाहुणा असो की वैरी, ही कोळ्यांची रीत. रोज संध्याकाळी सारं बेट वाळूने भरलेल्या होड्या पट्टीवरून ओढू लागलं. लेलेबाईंचे तळहातही सोलून निघाले. भेगा हळूहळू सांधल्या. भर पावसात रुग्णविमान उतरलं, वहिनीला इस्पितळात घेऊन गेलं आणि ती दोन मुली घेऊन परत आली. हेमांगी पट्टीवरच बसून रडली.

मुली रांगू लागल्या तेव्हा तह मोडला. हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन मोहिते पट्टी बघायला आले.

लेलेबाईंनी तपासून सांगितलं, "ही आता संथ भार ओळखते. लढाऊ विमान आदळलं तर पापडासारखी फुटेल. पुन्हा तुमच्या कामाची करायची, तर आधी ही मोडावी लागेल."

"आणि तोवर रुग्णविमान?" हेमांगीने विचारलं.

"बंद."

"मग नाही."

"शत्रूलाही इथे उतरता येणार नाही, हे खरं," मोहिते म्हणाले. "पण त्याला उतरायचं नसेल, नुसते बॉम्ब टाकायचे असतील, तर आम्ही वेळेवर पोचणार नाही. कळतंय ना तुम्हाला?"

तिला कळत होतं. समोर वहिनी दोन्ही पोरींना वाळूच्या होडीत बसवत होती.

हेमांगीने दोराचं टोक उचललं आणि मोहित्यांच्या हातात दिलं.

"आमची रीत आसा, सायबानू. ओढा!"

मोहित्यांनी एकदा रिकाम्या आभाळाकडे पाहिलं, बाह्या सारल्या आणि ते ओढू लागले.