गार पडलेलं चाक

लाल मोटार ओढ्यात उलटी पडली होती. चारही चाकं आभाळाकडे.

शर्यतीच्या बंदोबस्ताला असलेला मंचरचा फौजदार हौशीराम गभाले घाटाखालून सायकल हाणत आला होता. धापा टाकतच तो ओढ्यात उतरला आणि पुढच्या चाकाला त्याने काठीचं टोक लावलं. चाक गरकन फिरलं. एक गिरकी, दोन, तीन. आतून मात्र भट्टीसारखी झळ येत होती, आणि जळका वास नाकात बसला तो बसलाच.

मोटार चालवणाऱ्या प्रभाकर रेग्याचं प्रेत वर रस्त्याकडेला घोंगडीखाली झाकलं होतं. ओढ्यात कोसळण्याआधी मोटारीने बघ्यांतल्या भिकाचा पाय मोडला होता. भिका अवसरीचा, म्हणून सारी अवसरी घाटात लोटली होती.

“तो मिस्त्री आमच्या ताब्यात द्या, फौजदार! त्याचं हात मोडून देतो!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

छप्पन सालचा तो जानेवारी. मुंबईच्या एका मोटार क्लबाने अवसरीच्या घाटात उताराची शर्यत ठेवली होती. प्रत्येक मोटारीने तीनदा घाट उतरायचा, तिन्ही वेळा मिळून सगळ्यांत कमी वेळ लावील तो जिंकला. रेग्याच्या मोटारीचे ब्रेक सांभाळायला जुन्नरचा अजीज मिस्त्री बोलावला होता. दोन फेऱ्या सुखरूप झाल्या. तिसरीत ब्रेक गेले.

अजीज बाभळीच्या बुंध्याला टेकून बसला होता. कुणीतरी त्याच्या सदऱ्याची बाही फाडली होती.

“ब्रेक कुणी बघितले शेवटचे?”

“म्याच, साहेब. सकाळी, चाकं गार असताना. त्यानंतर हात लावला न्हाई.”

“दुसऱ्या फेरीनंतर?”

“चाकाला उटी लावली, मोठा दगड. आन् वाऱ्यावर गार व्हायला सोडली गाडी. चाकातला ब्रेकचा ड्रम तापला की त्याला शिवायचंच न्हाई, ही आमची रीत. मंग मी ओढ्यावर हातपाय धुऊन वजू केला, दुपारची जोहरची नमाज पढली. अर्धा तास गेला असंल.”

“अर्धा तास गाडीपाशी कोण होतं?”

“कोनी न्हाई. ब्रेक आवळायच्या स्क्रूवर मी चुन्याची रेघ मारतो. अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. स्क्रू फिरला तर रेघ तुटती. बघा तुमी, साहेब. एकदा बघा तरी.”

हौशीराम पुन्हा ओढ्यात उतरला. चाकाच्या भोकातून त्याने आत डोकावलं. पुढच्या दोन्ही चाकांवरच्या रेघा तुटल्या होत्या, चांगल्या बोटभर.

“मग? त्यानेच फिरवला स्क्रू!” मागून आवाज आला. कॅप्टन सबनीस, क्लबाचे प्रमुख आणि रेग्याचे प्रतिस्पर्धी. हातात कातडी मोजे, डोळ्यांत तुच्छता. “फौजदार, तुम्ही मोटार चालवता का?”

“सायकल चालवतो.”

“दिसतंच आहे. मग आम्ही सांगतो ते लिहून घ्या.”

“लिहितो की. आधी मोजे काढा.”

“काय?”

“मोजे काढा, कॅप्टन. हात बघायचेत.”

सबनिसांनी दात खात मोजे काढले. गोरे, मऊ, धडधाकट हात. हौशीरामने नुसती मान हलवली. का बघितले, ते सांगितलं नाही. खरं तर तेव्हा त्यालाही पुरतं कळलं नव्हतं. भट्टीसारख्या तापलेल्या चाकात ज्याने हात घातला त्याच्या हातावर काहीतरी उरलं असेल, एवढंच डोक्यात होतं. अजीजचे हात त्याने आधीच बघितले होते. काळे, घट्टे पडलेले, पण कुठे भाजल्याची खूण नव्हती.

“रेग्यांचं कुणाशी वाकडं?”

“सगळ्यांशीच. जिंकणाऱ्या माणसाचं असतं.” सबनिसांनी खांदे उडवले. “तीन वर्षांपूर्वी एक अपघात झाला होता. सोबतचा मुलगा गेला. मुलगाच चालवत होता, असा रेग्यांनी जबाब दिला. प्रकरण मिटलं. आता ते उकरू नका.”

वेळ टिपणारे नीळकंठ गुप्ते जवळच उभे होते. किडकिडीत, चष्मा, कोटाच्या खिशात हात. मुंबईत शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी कागद पुढे केला. रेग्याची प्रत्येक फेरी सुटल्याची आणि संपल्याची वेळ त्यात होती. पहिल्या दोन ओळी छापल्यासारख्या. तिसरीत फक्त सुटण्याची वेळ, एक वाजून दहा. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखं.

“हे असं का?”

“डोळ्यांदेखत माणूस गेला, साहेब. हात कसा स्थिर राहील?”

हौशीरामने कागद घडी करून खिशात घातला.

सुरुवातीच्या रेषेजवळ गोजरबाईचं चहाचं पाल होतं. ती चूल विझवत होती आणि तोंडाने पेटत होती.

“इचारा, इचारा! सगळे इचारून गेले, चहा कुनी घेतला न्हाई.”

“तिसऱ्या वेळी मोटार सुटली तेव्हा काय पाहिलंत, मावशी?”

“पाहायचं काय? उटी काढली तर मोटार जागची हलंना. आधी दोन्ही टायमाला दगड काढला की गडगड निघायची. ह्या वक्ताला उतारावर पन बसूनच. तो रेगे हसला. तो वेळवाला आरडतोय, चला, चला, वेळ चाललाय! मंग विंजिन घुमवून गेला नेट लावून.”

“आणि?”

“आणि काय? तुमच्या त्या सायेबांना रीतभात न्हाई. मी कप दिला तर डाव्या हातानं घेतला! मी काय मसणातनं आले का? सकाळी नीट उजव्या हातानं घेत व्हता चहा. दुपारी माज चढला जसा.”

“कोण? कॅप्टन?”

“त्याचं नाव नगा काढू, तो तर आमचा चहाच पीत न्हाई. त्यो चष्म्यावाला.”

“दुपारी म्हणजे अपघातानंतर?”

“आधी वो! तिसऱ्यांदा मोटार सुटायच्या आधी.”

हौशीरामने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. गोजरबाईला वाटलं, हाही डाव्या हाताने कप मागणार. तिने पातेलं आपटलं.

त्या दिवशी अजीजला कोठडीत घालावंच लागलं. बाहेर मंडळी काठ्या घेऊन उभी होती आणि वरून साहेबांचा निरोप आला होता: उद्या दुपारपर्यंत मिस्त्रीला कोर्टात उभा करा. क्लबाची माणसंही त्याच दुपारी मुंबईला निघणार होती. एकदा कागद पक्के झाले की अजीजच्या वाट्याला वर्षं येणार होती, आणि जुन्नरात कुणी त्याच्या हातात पाना दिला नसता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी चौकीच्या पायरीवर अजीजची बायको आबेदा बसली होती. मांडीवर सहा महिन्यांचं लेकरू. जुन्नरहून पहिल्या एस.टी.ने आली होती. पदराआड ती त्याला पाजत होती आणि गर्दीतून कुणी काही बोललं की लेकराच्या कानावर तळवा धरत होती.

“खुन्याची बायको,” कुणीतरी म्हणालं.

तिने वर पाहिलं नाही.

“बाई, आत बसा,” हौशीराम म्हणाला.

“माझा नवरा आत हाय. मी भाईर बसन. सगळ्यांना दिसू द्या मी कोन हाय ते.”

हौशीराम घाटात गेला. मोटार रात्रभर ओढ्यात पडून होती, वर दव साचलं होतं. काल गिरक्या घेणारं चाक त्याने हाताने फिरवलं. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला. तसूभरही नाही. जणू आतून कुणी दात रोवले होते. मागची दोन्ही चाकं फिरवून पाहिली, ती मोकळी. त्यांच्यावरच्या रेघाही शाबूत होत्या.

मग परत येऊन कोठडीच्या गजांशी उभा राहिला.

“अजीज, तापलेल्या ड्रमवर ब्रेक का आवळायचा नाही?”

“माझा बाप जुन्नरात बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचा, साहेब. लोखंडाची धाव लाकडापेक्षा बारीक करायची. जाळात घालून लाल केली की फुगती, मंग चढवायची आन् वरून पाणी ओतायचं. गार झाली की आवळती. अशी बसती की बाप गेला तरी धाव निघत न्हाई. ड्रमचंबी तेच. तापला की फुगतो. तेव्हा आतल्या ब्रेकच्या पट्ट्या आवळल्या, तर गार होताना ड्रम त्यांच्यावर बसतो.”

“हे किती जणांना ठाऊक असेल?”

“आमच्या आळीतल्या पोरालाबी.”

दहाच्या सुमारास हौशीरामने सगळ्यांना चौकीत बोलावलं. सबनीस खुर्चीत, गुप्ते खिडकीशी, गोजरबाई दारात, आणि तिच्यामागे अवसरीची मंडळी. अजीज दोन शिपायांमध्ये.

“लवकर आटपा,” सबनीस म्हणाले. “तुमच्या मिस्त्रीने ब्रेक आवळले हे उघड आहे.”

“आवळले कुणीतरी. कधी, ते बघू,” हौशीराम म्हणाला. “सकाळी गार चाकावर आवळले असते, तर पहिल्याच फेरीत चाक फिरलं नसतं. दोन फेऱ्या ठणठणीत झाल्या. म्हणजे दुसरीनंतर, चाकं तापलेली असताना. काल अपघात झाल्या झाल्या चाक फिरत होतं, कारण ते तापून फुगलेलं होतं. आज गार झालं, आता दोन्ही हातांनी हलत नाही. तिसऱ्या फेरीच्या आधीही तेच झालं होतं. अर्ध्या तासात ड्रम गार पडून पट्ट्यांवर बसला. म्हणून उटी काढली तरी मोटार उतारावर हलली नाही. रेगे इंजिनाच्या जोरावर निघाला. घसटत, घसटत. चार वळणांत पट्ट्या करपल्या, ड्रम तापून पुन्हा फुगला आणि पाचव्याला पायाखाली ब्रेकच उरला नाही.”

“मग तुमचा मिस्त्री मूर्ख ठरतो, एवढंच.”

“ज्याचा बाप धावा चढवायचा तो तापल्या लोखंडावर काही आवळत नाही, कॅप्टन. तुम्ही म्हणाल तर जुन्नरची लोहारआळी साक्षीला आणतो. हे ज्याने केलं त्याला लोखंड गार झालं की आवळतं हे माहीत होतं, पण पुस्तकातून. तापलेलं लोखंड हातात धरलं नव्हतं. त्याचा स्क्रू-ड्रायव्हर सटकला आणि बोटं ड्रमला लागली.”

हौशीराम दाराकडे वळला.

“गोजरबाई, काल दुपारी तुमच्याकडून डाव्या हाताने कप कुणी घेतला?”

“ह्यांनी.” तिने बोट रोखलं.

गुप्ते हसले. “अशी साक्ष चालते वाटतं तुमच्याकडे?”

“ही एकटी नाही.” हौशीरामने घडी उलगडली. “हात थरथरला म्हणालात. डोळ्यांदेखत माणूस गेला म्हणून. पण ही ओळ फेरी सुटण्याची आहे, गुप्ते. एक वाजून दहा. तेव्हा रेगे जिवंत होता. हसत होता. तुम्ही डाव्या हाताने लिहिलंत, कारण उजवा चालत नव्हता.”

“त्याने काय होतं?”

“कॅप्टन,” हौशीराम वळला, “तीन वर्षांपूर्वी रेग्याच्या मोटारीत गेला त्या मुलाचं नाव?”

सबनीस उत्तर द्यायला तोंड उघडून थांबले. त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच राहिली.

“शरद,” ते म्हणाले. “शरद गुप्ते.”

“उजवा हात खिशातून काढा, मास्तर.”

गुप्त्यांनी हात काढला. तीन बोटांवर फोड आले होते, एक फुटला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

“माझ्या धाकट्या भावाला, शरदला, मोटार चालवताच येत नव्हती,” ते म्हणाले. “एकदाही शिकला नाही. रेगे ताशी साठ मैलांनी चालवत होता आणि कोर्टात म्हणाला, पोरगा चालवत होता. पेपरात आलं. आई अजून दारावरचा पेपर उचलत नाही. तीन वर्षं मी त्याच्या वेळा टिपल्या. त्याच्या तोंडून आमच्या शरदची चेष्टा ऐकली.”

“रेग्याचं मला कळतं,” हौशीराम म्हणाला. “ह्या माणसाने काय केलं होतं? रेग्याने मेलेल्या पोरावर ढकललं. तुम्ही जिवंत बापावर.”

गुप्त्यांनी पहिल्यांदाच अजीजकडे नीट पाहिलं, त्याच्या फाटक्या बाहीकडे, आणि लगेच मान फिरवली. “मिस्त्रीला चार-दोन वर्षं झाली असती,” ते पुटपुटले. “फाशी नाही.”

दारातून गोजरबाई थुंकली. “भिकाचा पाय कोनाच्या हिशोबात धरला व्हता रं?”

शिपायांनी अजीजचा दंड सोडला आणि गुप्त्यांचा धरला.

अजीज बाहेर आला तेव्हा गर्दी वाट देईना. काठ्या खाली गेल्या होत्या, पण माफ करा म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. मागून कुणीतरी म्हणालंही, “सुटला लेकाचा.” हौशीराम पुढे झाला तेव्हा कुठे दोन माणसं बाजूला सरली.

“बाई, न्या त्यांना,” तो आबेदाला म्हणाला. “चूक झाली आमची.”

“काल दुपारपासनं उपाशी ठेवला तुमी त्याला,” ती म्हणाली. “चुकीला भाकर तरी द्यायची व्हती.”

हौशीरामने मान खाली घातली.

लेकराने बापाला ओळखून हात पसरले. अजीज मागे सरला. “थांब, हात लई घाण हायत. पाणी कुठं मिळंल?”

“राहू दे पाणी,” आबेदा म्हणाली, आणि पोर त्याच्या हातात देऊन टाकलं.