हिरव्या पट्टीच्या नऊ गठाणी

वखारीचं कुलूप शाबूत होतं. आत मात्र एकही गठाण नव्हती.

जमादार नत्थुजी दारातच थांबला. जमिनीवर सरकीचे चार दाणे आणि कापसाचे थोडे पुंजके पडले होते. भिंतीशी ओढल्याच्या खुणा होत्या. फोडाफोड कुठेच नव्हती.

“कितीक होत्या?” त्यानं विचारलं.

“नऊ,” जानराव पाटील म्हणाले. “सगळ्याईले हिरवी पट्टी शिवली होती. मदरशाचा माल हाय, हे आंधळ्यालेही समजलं असतं.”

१८६४ साल सरत आलं होतं. अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस येईना आणि अमरावतीत कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीवरून मदरशासाठी एक मूठ कापूस काढायचा, असं दिवाळीआधीच्या सभेत ठरलं. हिंदू असो की मुसलमान, कोणी नाही म्हटलं नाही. मदरशाचं छप्पर गळत होतं. बावीस मुलं एका खोलीत झोपत. विहीर नव्हती. हिशेब आणि मोडी शिकवायला एक मास्तर ठेवायचा होता. मुठीमुठीनं दोन महिन्यांत नऊ गठाणी भरल्या.

शनिवारच्या बाजारानंतर वखार कोणी उघडली नव्हती. आज गुरुवार होता.

“चाव्या कोणाकोणाजवळ?”

“तीन चाव्या. एक माझ्या कमरेले. एक नियाज मौलवीजवळ. एक कुर्बान शेठजवळ. वखार माझी, मेहनत मौलवीची, हिशेब शेठचा.”

“तुमी वखार फुकट काहून दिली, पाटील?”

“माझा बाप त्याच मदरशात फारसी शिकला. वलगावात इचारा. त्याची फारसी आन् माझ्या शिव्या, दोनी मशहूर हायेत.”

“सभेत तुमी छपरासाठी सागाचे वासे कबूल केले होते.”

“तोडले हायेत. पोचले नाईत.”

“शनिवारपासून कुठे होते?”

“शेतात. साक्षीले दोन बैल हायेत. बोलावू?”

नत्थुजी हसला नाही. भाद्रपदात पटकीनं त्याची बायको आणि मुलगी एकाच आठवड्यात गेल्या. तेव्हापासून तो काम नीट करत होता, एवढंच. जेवण समोर आलं की जेवत होता.

त्यानं बाजारात चौकशी केली. शनिवारी संध्याकाळी वखारीपुढे तीन गाड्या भरताना पाहिल्याचं सांगणारे पंचवीस निघाले. गाड्या कोणाच्या, हे सांगणारा एकही नव्हता. त्या हंगामात तिथे गाड्या सतत भरत असत. कोणी मान वर करून पाहत नसे.

शुक्रवारी कुर्बान शेठ भेटला. मामाच्या अकोल्याच्या आडतीवर वाढलेला हा माणूस सहा वर्षांपूर्वी अमरावतीत आला आणि इथे त्याचं बस्तान बसलं. मदरशाचा खजिनदार तोच.

“मी एलिचपूरले लग्नाले गेलतो,” तो म्हणाला. “काल रात्री परतलो. परतल्यावर हे ऐकलं.”

“तुमची चावी?”

त्यानं ती लगेच काढून दाखवली.

त्याच दुपारी नमाजानंतर शेठनं मदरशाच्या पंचांपुढे चार थैल्या ठेवल्या. खादीच्या, लाल दोऱ्यानं शिवलेल्या. सभेत त्यानं हजार रुपये कबूल केले होते, सगळ्यांत मोठा आकडा. “मदरशाचं नुकसान झालं,” तो म्हणाला, “आता मी थांबणं बरं नाही.” दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. थैल्या मदरशाच्या पेटीत गेल्या.

सोमवारी अकोल्याहून पोलिसांची चिठ्ठी आली. हिरव्या पट्टीच्या नऊ गठाणी पुंजाराम नावाच्या दलालाच्या आवारात सापडल्या होत्या. त्यानं त्या गेल्या मंगळवारी रोख देऊन घेतल्या होत्या. विकणाऱ्याचं नाव: नियाज मौलवी, मदरसा, अमरावती.

तासाभरात मौलवी कोठडीत होता.

तो चाळिशीचा, सडपातळ माणूस होता. वर्षापूर्वी बाळापूरहून आला होता. भिंतीला टेकून कांबळं पांघरून बसला होता.

“शनिवारपासून कुठे होते, मौलवीसाहेब?”

“गावोगाव. मूठ मागाले.”

“कोणी पाह्यलं?”

“शनिवारी सकाळी पाह्यलं असंल. मग ताप भरला. वलगावच्या अलीकडे एक पडकी सराय हाय. तिथे पडून होतो. बुधवारपर्यंत.”

“कोणी आलं?”

“एक कुत्रं आलं होतं.”

“तुमची चावी?”

“होती माझ्याजवळच. कोणाले दिली नाही. हे माझ्याच विरुद्ध जाते, मले समजते.”

त्याची बायको अनवरी भाकरी आणि लोटा घेऊन आली होती. तिनं गजांतून लोटा पुढे केला. मौलवीनं तो डाव्या हातानं घेतला आणि डाव्या हातानंच पाणी प्यायला. उजवा हात कांबळ्यात होता. नत्थुजीनं ते पाहिलं. बायकोनं काहीच पाहिलं नसल्यासारखं केलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “जमादारसाहेब, सायबापुढे कवा नेणार?”

“शनिवारी.”

“काय होईल?”

“गुन्हा लागला तर पाच-सात वर्षं. कमी नाही. धर्माचा माल हाय.”

“पंचांनी मले खोली खाली कराले सांगितली. महिन्याच्या आखरीपर्यंत.” तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. “मुलं इचारतात, सबक कोण देईल.”

“तुमाले काय वाटते, बाई?”

“मले काही वाटून नाही राह्यलं. मी फकत भाकरी करून राहिली.”

नत्थुजीला ते समजलं. त्यानं मंगळवारी पहाटे घोडं काढलं.

मूर्तिजापूरजवळ रेल्वेच्या भरावावर बायका टोपलीनं माती टाकत होत्या. अजून रूळ नव्हते. तिथे त्यानं घोडं बदललं आणि बुधवारी सकाळी तो अकोल्याला पोचला.

पुंजाराम दलाल दोन वर्षांपूर्वी खामगावहून तिथे आलेला. पोट मोठं, आवाज बारीक. गठाणी त्याच्या आवारात उघड्यावर होत्या. हिरव्या पट्ट्या तशाच.

“पट्ट्या काढल्या नाईत?”

“काहून काढू? मी चोरी थोडीच केली. पैसे मोजून माल घेतला. आता लोक मलेच चोर म्हणून राहिले.”

“माणूस कसा होता?”

“दिवेलागण झाली होती. थंडी. तोंडाले कानापासून फडकं बांधलं होतं. डोळे तेवढे दिसत. म्हणाला, मी नियाज मौलवी, मदरशाचा माल हाय. पट्टी पाहून मले भरोसा वाटला.”

“आधी कधी पाह्यला होता?”

“नाव ऐकलं होतं. पाह्यला नव्हता.”

“भाव कसा ठरला?”

पुंजारामनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. “जसा ठरते तसा. रुमालाखाली.”

वऱ्हाडच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगत. भोवती शंभर माणसं असली तरी भाव दोघांतच राही.

“सगळं सांगा. कोणता हात, कोणती बोटं.”

“उजवा. डावा कोण देते? मी त्याचं एक बोट धरलं, म्हणजे शंभर. मग अंगठा सोडून चारी बोटं धरली, म्हणजे चाळीस. गठाणीचे एकशे चाळीस. त्यानं माझ्या बोटाचं मधलं पेर दाबलं. म्हणजे अजून अर्धी दहाई, पाच रुपये. धर्माचा माल, मी ओढलं नाही. एकशे पंचेचाळीसवर हात सुटला.”

“पेर दाबलं?”

“हो. तेवढ्यानं जरा बरं वाटलं. अमरावतीचे लोक अर्ध्यासाठी तळहातावर नख ओढतात. मले गुदगुल्या होतात. हा आमच्या इकडच्यासारखा निघाला.”

“चारी बोटं पुरती धरली होती तुमी?”

“जमादार, मी बावीस वर्षं हात धरून राहिलो. चेहरे इसरतो. हात नाही इसरत.”

नत्थुजीनं गठाणींवरच्या पट्ट्या मोजल्या. मग म्हणाला, “माझ्यासंगं अमरावतीले चला. तोंडाले फडकं बांधा. मी सांगेपर्यंत बोलू नका.”

गुरुवारी रात्री तो कोठडीत गेला आणि मौलवीला म्हणाला, “उजवा हात दाखवा.”

मौलवीनं हळूच हात कांबळ्याबाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती.

“केव्हाचं?”

“दहा वर्षांचा होतो. उसाच्या चरकात गेला. लोक इचारतात, कोणत्या चोरीत कापला. म्हणून झाकतो.”

“मदरशात कोणाले माहीत हाय?”

“हात मिळवून मुसाफा करतात त्या सगळ्याईले. पंच, कुर्बान शेठ, मुलं. पाटलाले नसंल, तो दुरून रामराम करते.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तुमी कुठे इचारलं, गठाणी कोणत्या हातानं इकल्या?”

शुक्रवारी सकाळी जानरावांच्या वखारीत माणसं जमली. नत्थुजीनं निरोप दिला होता: गठाणी मदरशाला परत मिळणार, त्या फिरून विकायच्या आहेत, एक व्यापारी भाव सांगायला आला आहे. पंच आले. जानराव आले. कुर्बान शेठ आला. मौलवीला दोन शिपायांमध्ये बसवलं होतं. अनवरी दाराबाहेर उभी होती.

व्यापारी पोतं अंथरून बसला होता. थंडीमुळे त्याच्या तोंडाला फडकं होतं. तसं अर्ध्या बाजाराच्या तोंडाला होतं.

“पाटील, वखार तुमची. पहिले तुमी,” नत्थुजी म्हणाला. “तो देईल त्याच्यावर अर्धी दहाई मागा.”

जानरावांनी रुमालाखाली हात घातला. क्षणभरात व्यापारी दचकला आणि त्याचा खांदा हलला. त्याला गुदगुल्या झाल्या होत्या.

“आता शेठजी.”

कुर्बान शेठ बसला. त्याचा हात रुमालाखाली गेला. बाजारातल्या माणसाचा हात जातो तसा, विचार न करता. या वेळी व्यापाऱ्याचा खांदा हलला नाही. सौदा झाला तरी व्यापाऱ्यानं हात सोडला नाही. त्यानं तो तसाच धरून दुसऱ्या हातानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“हाच,” पुंजाराम म्हणाला. “पेर दाबलं यानं. मंगळवारचा हात हाच. अंगठ्याच्या पेरावर गाठ हाय, कापसाचा धागा ओढून झालेली.”

कुर्बान शेठनं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

“हे काय हाय, जमादार?” एका पंचानं विचारलं.

नत्थुजीनं मौलवीचा उजवा हात धरून वर केला. पंच तो हात वर्षभर पाहत होते. तरी आता पहिल्यांदा पाहत असल्यासारखे पाहू लागले.

“अकोल्यात ज्यानं माल इकला त्याची चार बोटं या दलालानं धरली,” तो म्हणाला. “मौलवीजवळ अंगठा सोडून दोनच हायेत. म्हणजे नाव मौलवीचं, हात दुसऱ्याचा. कुलूप फुटलं नाही, म्हणजे चावीवाला. राहिले दोघं. इकणाऱ्यानं अर्ध्यासाठी पेर दाबलं. ती अकोल्याची रीत. पाटील अमरावतीत शिकले, ते नख ओढतात. आत्ता ओढलंच. शेठ अकोल्यात शिकले. तिथले जुने दलाल त्यायले ओळखतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी आलेला नवा दलाल शोधला. म्हणूनच तोंड बांधलं.”

“शेठले तर मौलवीचा हात माहीत होता,” जानराव म्हणाले. “मग असा हात दिलाच कसा?”

“तोंड झाकाचं त्यायनं ठरवलं होतं. हाताचं काही ठरवलं नव्हतं. सौद्याले बसलं की तो हात आपसूक चालते. आत्ताही चालला.”

“एलिचपूरचं लग्न?” पंचानं विचारलं.

“ते तपासाची गरज नाही. पेटी उघडा.”

पेटी आणली गेली. लाल दोऱ्याच्या चार थैल्या बाहेर आल्या. पुंजारामनं एक उचलून टाका पाहिला. “माझ्या बायकोची शिलाई हाय. सहा थैल्यांत तेराशे पाच रुपये दिले होते. अडीचशेच्या चार याच.”

नत्थुजीनं पुढचं सपाट आवाजात सांगितलं, हजेरी वाचावी तसं.

“सभेत शेठनं हजार कबूल केले. जोशात बोलले. जवळ पैसे नव्हते. मुंबईच्या शेअरात अडकले असतील, ते कचेरीत सांगतील. मदरशाचा कापूस इकला आणि त्याच पैशातून आपलं दान भरलं. वर तीनशे पाच उरले.”

कुर्बान शेठ पहिल्यांदा बोलला. “पैसा मदरशातच गेला ना, जमादार? छप्पर होणारच होतं. मदरशाचं काय गेलं?”

“मदरशाचा पैसा मदरशाले गेला. तुमचा हजार अजून यायचा हाय.”

शिपायांनी मौलवीचा दंड सोडला आणि शेठचा धरला. मौलवी उठला नाही. त्यानं हात पुन्हा कांबळ्यात घेतला आणि शेठला विचारलं, “माझंच नाव काहून?”

शेठनं जमिनीकडे पाहिलं. खोटं बोलण्याची गरज आता उरली नव्हती.

“तुमच्या नावावर कोणी घासाघीस करत नाही, मौलवीसाहेब,” तो म्हणाला. “माझ्या नावावर एकशे तीस आले असते.”

मौलवीनं मान हलवली. मग नत्थुजीला विचारलं, “मी जाऊ?”

“जा.”

तो दारात आला. उन्हात अनवरी उभी होती. तिनं आत पाहिलं नाही, फक्त त्याच्याकडे पाहिलं.

“काय म्हणाले शेठ?”

“माझ्या नावाचा भाव सांगितला,” तो म्हणाला, आणि दोघं मदरशाच्या वाटेला लागले.